खोलीच्या मापाचा आवाज : प्रस्तावना

घरी नीट गाणे ऐकायची व्यवस्था करायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो अॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा, आणि शेवटचा प्रश्न असतो स्पीकर ठेवायचे कुठे. हे पुस्तक तो क्रम उलटा धरून लिहिले आहे. आधी खोली, मग त्या खोलीला मानवणारे स्पीकर, मग त्या स्पीकरना पुरेसा अॅम्प्लिफायर. बाकीचे सारे उरलेल्या पैशांत.

ज्या स्पीकरांबद्दल इथे लिहायचे आहे त्यांना बाजारात ‘पॅसिव्ह बुकशेल्फ’ म्हणतात. फूट-दीड फूट उंचीचा खोका, त्यात पाच ते साडेसहा इंची वूफर, त्याच्या वर साधारण एक इंचाचा ट्वीटर, पाठीमागे वायर जोडायला एक लाल आणि एक काळे टोक. विजेचा प्लग नाही, ब्लूटूथ नाही, रिमोट नाही. अॅम्प्लिफायर वेगळा जोडल्याशिवाय त्यातून आवाज निघत नाही, आणि हीच त्यांची जमेची बाजू आहे. ज्यात विजेवर चालणारे इलेक्ट्रॉनिक्सच नाही ते सहसा जुने होत नाही. सीडी गेली, मोबाइल आला, उद्या आणखी काही येईल. अॅम्प्लिफायर बदलता येतो, गाण्याचा स्रोत बदलता येतो, स्पीकर तेच राहतात. नीट जपलेली जोडी पंचवीस-तीस वर्षे सहज वाजते. म्हणून निवडीसाठी महिना-दोन महिने गेले तरी ते वाया गेले असे मी मानत नाही.

लहान स्पीकर म्हणजे ऐपत नाही म्हणून केलेली तडजोड, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी लोक जास्त पैसे मोजून कमी चांगले ऐकतात. दहा बाय बाराच्या खोलीत, गळ्याचे गाणे आवडीने ऐकणाऱ्या माणसासाठी, चांगले बुकशेल्फ हेच योग्य माप आहे. हे का, ते आकड्यांनिशी सांगता येते, आणि पुढची बहुतेक प्रकरणे त्यासाठीच आहेत.

आधी थोडा इतिहास, कारण खोका लहान झाला तो आपोआप नव्हे. १९५०च्या दशकापर्यंत चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढा खोका लागे. वूफरचा पडदा पुढे-मागे हलतो, त्याला परत जागेवर आणायला ताठ कडा आणि आधार लागत, आणि असा ताठ पडदा लहान खोक्यात घातला की खालचे सूर नाहीसे होत. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी यावर वेगळा विचार केला. पडद्याचा आधार जवळजवळ सैल सोडायचा आणि खोका पूर्ण बंद करायचा. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करील. १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या त्यांच्या अकौस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ आला. चारच वर्षांनी, १९५८च्या सुमारास, स्टिरिओ रेकॉर्डी दुकानात आल्या. आता घरात एक नव्हे तर दोन खोके हवे होते. दोन कपाटे कोणाच्या दिवाणखान्यात मावणार? फडताळावर बसेल एवढ्या स्पीकरचे दिवस तिथून सुरू झाले.

विल्चर यांचे सहकारी हेन्री क्लॉस यांनी पुढे केएलएच ही कंपनी काढली. त्या नावातला शेवटचा ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम स्पीकर घेणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. जाहिरातीत तिन्हींचे आश्वासन असेल तर त्यातले एक खोटे आहे, एवढे समजून चालावे. लहान खोक्यातून पन्नास हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर हवा तर तो थोडा ‘जड’ असणार, म्हणजे त्याला वॅट जास्त लागणार. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात या देवाणघेवाणीचे गणितच मांडून दिले. कोणत्या वूफरला किती लिटरचा खोका, त्याला हवेचे भोक ठेवायचे तर किती रुंद नि किती लांब, हे तेव्हापासून अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरू लागले.

आता त्या एका स्पीकरकडे वळतो ज्याच्यासाठी मी दोन परिच्छेद राखून ठेवले होते. ब्रिटनमध्ये बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून आवाज तपासायला लहान स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, आणि कानाला हेडफोन लावून तासन्‌तास समतोल पारखता येत नाही. बीबीसीच्या संशोधन विभागाकडे आधीच एक छोटा खोका होता. स्टुडिओंची छोट्या मापाची प्रतिकृती करून त्यात नादाचा अभ्यास करायचा, त्या कामासाठी तो बनला होता. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले की त्याच्या आकाराच्या मानाने तो फारच खरा बोलतो. त्यातून घडला एलएस३/५ए. साधारण तीस सेंटिमीटर उंच, एकोणीस रुंद, सोळा खोल. केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि पाऊण इंची ट्वीटर. खोका पातळ बर्च प्लायचा, आतून डांबरी पट्ट्यांनी दाबलेला, ट्वीटरभोवती जाड नमद्याची चौकट, कारण खोक्याच्या कडेवर आपटून परतणारा आवाजही त्यांना नको होता. १९७६ साली हारवूड, व्हॉटन आणि मिल्स यांनी त्याचा अहवाल लिहिला. कोणतीही जादू न सांगता, काय केले आणि का केले हे तो सरळ सांगतो. स्पीकर बनवणाऱ्यांनी आजही वाचावा असा तो आहे.

बीबीसीच्या मंडळींची कसोटी मला फार मोलाची वाटते. माणसाचा बोलण्याचा आवाज. स्टुडिओत माणूस बोलतो आहे, तोच आवाज शेजारच्या खोलीत स्पीकरमधून येतो आहे; दार उघडून दोन्ही ऐकायचे आणि फरक कुठे आहे ते शोधायचे. आपल्या कानाने जन्मापासून सर्वांत जास्त ऐकलेली गोष्ट म्हणजे माणसाचा आवाज, त्यामुळे तिथे खोट लपत नाही. एलएस३/५एमध्ये पोटात हादरा देणारा खर्ज नाही, तो फार मोठ्याने वाजत नाही, एका वॅटला तो जेमतेम ८३ डेसिबल देतो. तरी रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ आणि केईएफ यांच्यासारख्या कंपन्यांनी परवाना घेऊन तो १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनवला, आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. बोलणारा माणूस त्यातून समोर येऊन बसतो, एवढ्या एका गुणावर.

इथून आपल्या संगीताकडे यायला फार चालावे लागत नाही. हिंदुस्थानी गाणे म्हणजे तंबोरा, गळा, पेटी किंवा सारंगी आणि तबला. यात सर्वांत खालचा सूर किती खाली असतो? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. पंचमाची तार १०४ला. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८च्या आसपास आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४वर. म्हणजे पंचावन्न-साठ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा बुकशेल्फ स्पीकर मैफलीतली एकही तार सोडत नाही. टॉवर स्पीकर त्याखाली जो पस्तीस हर्ट्झपर्यंतचा प्रदेश देतो, तिथे आपल्या मैफलीत फारसे काही घडतच नाही. सिनेमाचे पार्श्वसंगीत, इलेक्ट्रॉनिक ठेका, पाश्चात्त्य ऑर्गन ऐकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते. त्यांना पुढेमागे सबवूफर लागेल, आणि त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

खालचे सूर पुरेसे आहेत असे म्हटल्यावर कसोटी मधल्या पट्टीवर येते, आणि तिथे तंबोऱ्यासारखा परीक्षक नाही. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात असताना १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर एक टिपण लिहिले. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असतो, तो स्वरांश नियमाप्रमाणे ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो स्वच्छ ऐकू येतो. हे घडते ते रुंद, किंचित वक्र घोडीवर तार घासत राहिल्याने, म्हणजेच जवारीमुळे. एका खर्जाच्या तारेतून उठलेला हा झंकार पार काही हजार हर्ट्झपर्यंत चढतो. आता स्पीकरमध्ये काय होते पाहा. साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान वूफर काम सोडतो आणि ट्वीटर ते उचलतो. आतल्या कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टरचा जो लहानसा सर्किट बोर्ड ही वाटणी करतो त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. वाटणी चांगली असेल तर तंबोरा एक वस्तू म्हणून ऐकू येतो. वाईट असेल तर गुंजन खालून एका जागेहून येते, झंकार वरून दुसऱ्या जागेहून, आणि दोहोंच्या मधे एक फट राहते. नुसता तंबोरा, गाणे सुरू होण्यापूर्वीचा, मिनिटभर लावावा. डोळे मिटून भोपळा कुठे आहे आणि घोडी कुठे आहे ते दाखवता येते का पाहावे. दाखवता आले तर वाटणी फाटलेली आहे; तो स्पीकर घेऊ नये. ही फट टाळण्यासाठीच केईएफने १९८८ मध्ये ट्वीटर थेट वूफरच्या मध्यभागी बसवण्याची युनि-क्यू रचना आणली. इतर कंपन्या ट्वीटरभोवती उथळ, पसरट खोलगट भाग ठेवून वेगळ्या वाटेने तिथेच पोचतात.

हा खोलगट भाग दिसायला क्षुल्लक वाटतो, पण त्यामागे कॅनडातल्या फ्लॉइड टूल यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आधार आहे. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत त्यांनी लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले. कोणता वाजतो आहे ते दिसणार नाही, आवाजाची पातळी सारखी केलेली. निष्कर्ष स्पष्ट होता. समोरून सपाट आणि बाजूंनीही एकसारखा उतरत जाणारा आवाज देणारे स्पीकर बहुसंख्य लोकांना आवडतात, मग त्यांची आवड कोणत्याही संगीताची असो. बाजूचा आवाज एवढा महत्त्वाचा का, तर खोलीत आपल्यापर्यंत जे पोचते त्यातले बरेच भिंती, छत आणि फरशीवरून येते. साडेसहा इंची वूफर दोन हजार हर्ट्झच्या सुमाराला आवाज समोरच एकवटू लागतो आणि त्याच जागी एक इंची ट्वीटर चहूकडे पसरतो. तो खोलगट भाग ट्वीटरला आवर घालून ही उडी सौम्य करतो. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हेही दाखवले की स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की त्याच श्रोत्यांची मते बदलतात. मोठा, देखणा, महागडा खोका लगेच वर चढतो.

म्हणून दुकानात ऐकताना पातळी सारखी आहे ना, हे आग्रहाने पाहावे. दोन स्पीकरांपैकी एक डेसिबलभर जरी मोठा वाजला तरी तो ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. दुसरा आग्रह उठून चालण्याचा. गाणे चालू ठेवून स्पीकरच्या समोरून बाजूला, पार भिंतीपर्यंत जावे. गळा तोच राहून फक्त थोडा मंद झाला पाहिजे. मधेच तो डब्यातून आल्यासारखा किंवा सर्दी झाल्यासारखा वाटला तर तीच गोष्ट घरी भिंतीवरून परत येऊन तुमच्या कानात पडणार आहे. आणि ऐकण्यासाठी दुकानदाराने निवडलेले गाणे नको. त्याने ते त्या स्पीकरसाठीच निवडलेले असते. वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेले आपले स्वतःचे ध्वनिमुद्रण न्यावे, जुने, खरखरीत असले तरी चालेल.

खोलीचे गणित या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, इथे त्याची चुणूकच देतो. दोन समांतर भिंतींमध्ये एक आवाज असा असतो की तो त्या अंतरात नेमका बसतो आणि घुमत राहतो. बारा फुटांच्या भिंतींत तो ४७ हर्ट्झ, दहा फुटांत ५६, साडेनऊ फुटांच्या छताखाली ५९. शेवटचे दोन आकडे एकमेकांना चिकटून आहेत. म्हणजे आपल्या नेहमीच्या बेडरूममध्ये पन्नास ते साठच्या दरम्यान खोली स्वतःच वाजते. इथे भरपूर खोल खर्ज ओतणारा स्पीकर आणला तर सारे गाणे त्या एका घुमण्यात बुडते, आणि डग्ग्याची मींड ओळखू येत नाही, नुसता ‘भुम्‌’ येतो. साठच्या आसपास आपण होऊन उतरू लागणारा लहान स्पीकर या खोलीला सोसतो. भरीला आपल्या घरांत चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि उघड्या भिंती असतात, त्यामुळे वरचा आवाजही टोचतो. एक जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे भरलेले कपाट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या किमतीचा स्पीकर घेऊन पडत नाही.

वॅटचे प्रकरण लहान आहे. ८६ डेसिबलचा स्पीकर म्हणजे साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. आपण आठ फुटांवर बसलो, स्पीकर दोन आहेत, भिंती थोडी भर घालतात, तर त्या एका वॅटमध्येच ऐंशीच्या वर पोचतो. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज कमी करायची सूचना येते. तबल्याची थाप मात्र सरासरीहून पंधरा डेसिबल वर उडू शकते, आणि तेवढ्यासाठी तीसपट वॅट लागतात. चाळीस ते साठ खरे वॅट देणारा अॅम्प्लिफायर म्हणून पुरतो. ८३चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट लागतात. पाठीवर आठ ओहम लिहिलेले असले तरी काही स्पीकर काही सुरांना चारपर्यंत उतरतात. अॅम्प्लिफायरला ते झेपते का, हे आधी विचारून घ्यावे.

वायरबद्दल याहून कमी लिहिता येईल. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर तीन मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या सात-आठ पट, आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मीटरवर मिळते ती घ्यावी. फक्त लाल लालला आणि काळे काळ्याला जोडले आहे ना हे दोनदा पाहावे. एका बाजूला उलट जोडले गेले की खर्ज गळून जातो आणि गायक खोलीत कुठेच सापडत नाही, जणू आवाज भिंतींतून येतो आहे.

आपल्या हवामानाविषयी इंग्रजी पुस्तकांत काही मिळत नाही, म्हणून ते इथे सविस्तर आले आहे. वूफरच्या पडद्याभोवतीची कडा रबराची असते किंवा फोमची. फोम दमट हवेत हळूहळू विरघळतो. मुंबई, कोकण, गोव्यात दहा-पंधरा वर्षांत बोट लावताच त्याचा चिकट भुगा होतो. जुना स्पीकर घेताना जाळी काढून, बॅटरीच्या उजेडात कडेवरून हलके बोट फिरवावे. मग दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सारखी टेकवून तो अगदी थोडा आत दाबावा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे आणि तो सौदा सोडून द्यावा. खोका एमडीएफचा असेल तर खालची कडा आणि वायरच्या टोकांभोवतीचा भाग पाहावा. एकदा पाणी प्यायलेला एमडीएफ फुगतो आणि पुन्हा बसत नाही. फडताळाच्या मागची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर स्पीकर त्या भिंतीला ठेवूच नये.

तसेही, नाव बुकशेल्फ असले तरी यांतले बहुतेक स्पीकर फडताळात कोंबण्यासाठी नाहीत. स्टँडवर, ट्वीटर कानाच्या उंचीला, अशी त्यांची जागा आहे. खुर्चीत बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असतो, पण आपल्याकडे कित्येक घरांत गाणे गादीवर मांडी घालून ऐकतात, आणि तेव्हा तो अडीच फुटांवर येतो. बाजारातले चोवीस इंची स्टँड खुर्चीच्या हिशेबाचे आहेत. ट्वीटर डोक्यावरून बोलू लागला की क्रॉसओव्हरच्या पट्टीत आवाज पोकळ होतो. बैठकीवर ऐकणाऱ्यांनी सुताराकडून पंधरा-सोळा इंचांचे स्टँड करून घ्यावेत.

भिंतीपासूनचे अंतर हा शेवटचा विषय, आणि मोजपट्टी हातात घेण्याचा. स्पीकरमधून निघालेला खालचा आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. ज्या सुराच्या लहरीचा चौथा हिस्सा त्या अंतराएवढा असतो, तो सूर परतणाऱ्या लहरीने खोडला जातो. स्पीकरचे तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर खोडला जाणारा सूर १४० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ काळी एकचा षड्ज. गायकाचा ‘सा’च फिका पडतो आणि दोष मात्र स्पीकरवर जातो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी ही तिन्ही अंतरे सारखी असतील तर तिन्ही मिळून एकाच सुरावर घाला घालतात. म्हणून ती तिन्ही वेगवेगळी ठेवावीत. मागे दीड फूट, बाजूला अडीच फूट, ट्वीटर कानाला जुळवलेला, दोन स्पीकरांत सहा-सात फूट आणि ऐकणारा त्याहून थोडा लांब, अशी सुरुवात करावी. मग आवडत्या गायकाचे एक संथ आलापीचे ध्वनिमुद्रण लावून जोडी चार-चार बोटे पुढे-मागे सरकवत राहावे. षड्जाला वजन आले की त्या जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.